चिमूटभर सोडा

गेल्या वर्षी नवरात्रात एक आजी नातवाला कडेवर घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. पोर चार वर्षांचे, पण पाय धनुष्यासारखे वाकलेले आणि चेहरा पांढराफटक. मुडदूस समजून मीच त्याला सहा महिने ड जीवनसत्त्व दिले होते. जोडीला लोहाचे औषध. गुण शून्य! आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडात चुना साचलेला दिसला, तेव्हा मी मनातून ओशाळलो. माझ्या औषधाने त्यात भरच पडली असणार.

मग रक्त आणि लघवी एकाच दिवशी तपासली. रक्तात आम्ल साठलेले, आणि लघवीचा पीएच मात्र ७! निरोगी मूत्रपिंड अशा वेळी आम्ल बाहेर टाकून तो ५.५ च्या खाली आणते. या पोराचे आम्ल आतच राहत होते, आणि ते मारायला शरीर हाडांतला क्षार उपसत होते. पाय वाकतील नाही तर काय?

पण पांढरेपणाचे काय? वाचकहो, गंमत (गंमत कसली म्हणा!) अशी की, 'बँड ३' नावाचे एक प्रथिन तांबड्या पेशीच्या आवरणात असते, एकेका पेशीत सुमारे दहा लाख. तेच जरासे आखूड होऊन मूत्रपिंडातही राबते. दोघांचे जनुक एकच, सतराव्या गुणसूत्रावरचे. ते बिघडले की दोन्ही घरची चूल विझते. मलेशिया, पापुआ न्यू गिनीकडे या जनुकातला एक दोष पेशी लंबगोल करतो आणि जीवघेण्या हिवतापापासून राखतोही! आपल्याकडच्याही दोन रुग्णांत या जनुकाचा वेगळा दोष २०१० साली नोंदला गेला आहे.

पोराचे आईवडील आते-मामेभावंडे. दोघेही धडधाकट; पण दोघांकडून एकेक सदोष प्रत आली की मूल सापडते. हे सांगताना माझी जीभ जड झाली, कारण पाळण्यात धाकटी बहीण होती.

औषध सांगितले: सोडा आणि पोटॅशियम सायट्रेट, रोज, जन्मभर, मोजून.

"अहो डॉक्टर, सोडा? भज्यातला?" आजी.

"तोच. पण तुमच्या चिमटीने नाही, माझ्या मापाने."

रक्ताचा फिकेपणा सोड्याने जात नाही, तो अजून आहेच. पाय मात्र सरळ होऊ लागलेत, उंचीही वाढतेय. बहिणीची लघवी बाटलीत घेऊन आजी परवाच आल्या. दुसऱ्या हातात चकल्यांचा डबा.

"डॉक्टर, मोहन घातलंय हो, सोडा नाही. तो सगळा नातवाला."