संदर्भसूचीतले गुरू

आषाढातली पौर्णिमा बहुधा ढगांआडच उगवते. चंद्र दिसो न दिसो, व्यासपूजा चुकत नाही. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने गुरूचा श्लोक लिहिला जातो, निवृत्त मास्तरांच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडतो, आणि वर्षभर ज्यांची आठवण झाली नाही त्यांच्याही पायांवर आपण डोके ठेवतो. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यावे, एवढेच हा दिवस आपल्याकडे मागतो. संशोधकांच्या जगात ही पौर्णिमा प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटच्या पानावर येते. तिथे छोट्या टंकात नावांची रांग असते आणि तिला संदर्भसूची म्हणतात. आपल्या ऋषिऋणाचाच तो एक प्रकार आहे.

गेल्या काही दशकांत मात्र या ऋणाची मोजदाद सुरू झाली. कोणाचे नाव किती सूच्यांत आले, हे एका कळीसरशी कळते. एखाद्याचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले, तर त्याचा एच-इंडेक्स वीस. २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेले हे माप आज नेमणुका आणि बढत्या ठरवू लागले आहे. आकडा वाईट नव्हे. एखाद्या कामाचा किती जणांना उपयोग झाला, याचा तो प्रामाणिक अंदाज देतो. पण नमस्कार मोजून गुरूची थोरवी ठरवायची म्हटले, तर आपल्या हातून काय काय निसटेल?

प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांचेच पाहावे. १९४२ मध्ये हा गुजराती तरुण बनारसला विष्णु वासुदेव नारळीकरांकडे सापेक्षतावाद शिकायला गेला. श्वार्झशिल्डने १९१६ मध्ये ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित सोडवले होते, पण त्यातला तारा प्रकाशच देत नव्हता. खरा तारा तेज उधळतो, त्या तेजाबरोबर त्याचे वस्तुमान झिजते आणि भोवतीचे अवकाशही बदलत जाते. वैद्यांनी ते गणित मांडले आणि १९४३ मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात छापले. सूर्यासारख्या ताऱ्यासाठी हा फरक इतका बारीक की त्याची गरज कोणाला भासावी? मग १९६३ मध्ये क्वेसार या खगोलीय वस्तूंचे प्रचंड तेज जगाला उमगले, आणि ते वीस वर्षांपूर्वीचे समीकरण खगोलशास्त्रज्ञांच्या कामी येऊ लागले. पुढे कृष्णविवराच्या झिजण्याचा हिशेबही त्याच्या आधारे मांडला गेला. मधली बहुतेक वर्षे वैद्य गणित शिकवत राहिले. दर पाच वर्षांनी मोजपट्टी घेऊन येणाऱ्या समितीने त्या निबंधाला कोणता शेरा दिला असता, या विचाराने मन थोडे अस्वस्थ होते.

विष्णु नारळीकरांच्या त्याच बनारसच्या घरात वाढलेल्या त्यांच्या मुलाची, जयंत नारळीकरांची जयंतीही याच दिवसांच्या आसपास, १९ जुलैला येते. खगोलशास्त्रज्ञ हॉइल यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. पुढच्याच वर्षी वैश्विक सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि त्या पुराव्यावर बहुतेक विद्वान महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर महास्फोट न मानणाऱ्या अल्पमतात उभे राहिले. १९९३ मध्ये हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी महास्फोटाला पर्याय असलेल्या विश्वचित्राचे नवे रूप पुढे ठेवले. तेही बहुतेकांनी स्वीकारले नाही. अल्पमतात राहून काम करणाऱ्याला उद्धृत करणारे हात थोडेच असतात. पण प्रस्थापित मताला सतत पुरावा मागत राहणे हेही विज्ञानाचे कर्तव्य आहे आणि ते त्यांनी निष्ठेने बजावले, असे आम्हांला वाटते.

१९८८ मध्ये पुण्यात त्यांनी 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभारली ती विद्यापीठांतल्या शिक्षकांसाठी. एरवी मोठे ग्रंथालय किंवा जाणती सोबत ज्यांना मिळाली नसती, अशा कितीतरी प्राध्यापकांनी इथे येऊन संशोधन केले. ते निबंध त्यांच्या त्यांच्या नावावर जमा आहेत; नारळीकरांच्या खात्यात त्यातले बहुतेक नाहीत. शाळकरी मुलांनी स्वाक्षरीसाठी वही पुढे केली, की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि खरोखर पोस्टमन ते कार्ड घेऊन दारात येई. चार ओळींचे उत्तर, खाली सही. ते कार्ड जपून ठेवणाऱ्या मुलाने पुढे भौतिकशास्त्र घेतले असेल, तर त्याची नोंद कोणत्या सूचीत शोधायची?

मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. यंदाच्या पौर्णिमेला त्यांच्या तसबिरीला आपण हार घालूच. पण आपल्यापैकी जे विद्यापीठांच्या निवड समित्यांवर बसतात, त्यांच्याकडे एक मागणे आहे. पुढच्या मुलाखतीला जाताना उमेदवाराच्या अर्जातला एच-इंडेक्स पाहण्याआधी त्याचा एक तरी निबंध पहिल्या ओळीपासून संदर्भसूचीपर्यंत वाचून या, आणि पहिला प्रश्न त्यातलाच विचारा.