हत्तींच्या गणनेत नर-मादी प्रमाणही हवे

नवी दिल्ली : देशातील वन्य हत्तींची डीएनएवर आधारित पहिली गणना ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने लिदीचे २१,०५६ नमुने गोळा करून ४,०६५ हत्तींची स्वतंत्र ओळख पटवली आणि त्याआधारे देशात २२,४४६ हत्ती असल्याचा अंदाज वर्तवला. पद्धतच बदलल्याने पूर्वीच्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करता येत नाही. मात्र, संवर्धनाच्या दृष्टीने केवळ एकूण संख्या पुरेशी नाही. त्यात नर किती आणि माद्या किती, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

आशियाई हत्तींमध्ये मोठे सुळे फक्त नरांना असतात. त्यामुळे हस्तिदंताच्या शिकारीत बळी जातो तो नरच. केरळमधील पेरियारच्या जंगलात १९८०च्या दशकात हे प्रमाण एका प्रौढ नरामागे शंभरहून अधिक माद्या इतके व्यस्त झाल्याची नोंद आहे. अशा स्थितीत कळप संख्येने मोठे दिसले, तरी जन्मदर घटतो आणि आनुवंशिक वैविध्यही आक्रसते.

नुसत्या निरीक्षणावर विसंबण्यालाही मर्यादा आहेत. सुळे नसलेले नर, म्हणजे ‘मखना’, दाट जंगलात मादी समजले जाऊ शकतात. पिलांमधील फरक ओळखणे तर आणखी कठीण. डीएनए चाचणी येथे उपयोगी ठरते. लिदीवर आतड्यातील पेशी चिकटलेल्या असतात. त्यांतील डीएनएमध्ये वाय गुणसूत्राचा अंश आढळला, तर तो नमुना नराचा.

तथापि, वाय न आढळणे हा मादी असल्याचा पुरावा नव्हे. ऊन-पावसाने डीएनए खराब झाल्यास चाचणीच निष्फळ ठरते. म्हणून त्याच वेळी एक्स गुणसूत्राचीही तपासणी करावी लागते. एक्स मिळाला आणि वारंवार चाचणी करूनही वाय मिळाला नाही, तरच निष्कर्ष ग्राह्य मानता येतो. ही दक्षता न घेतल्यास नरांची नोंद माद्यांमध्ये होईल आणि अहवालातील चित्रच विपर्यस्त होईल.

हत्तीला बेशुद्ध न करता, एकाच नमुन्यातून ओळख आणि लिंग दोन्ही समजू शकतात. वनक्षेत्रनिहाय हे प्रमाण नियमित प्रसिद्ध झाले, तर नरांची संख्या कोठे घसरत आहे, हे वेळीच लक्षात येईल. गस्त कोठे वाढवायची, याचा निर्णय मग अंदाजावर सोडावा लागणार नाही.