जाळे कापणाऱ्याच्या पाठीशी

जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायाला बिल्ला होता. तो तिला 2021 मध्ये ओडिशात लावलेला. एवढा प्रवास करून ती कोकणात सुखरूप पोहोचली. त्याच महिन्यात चेन्नईच्या किनाऱ्यावर तिच्याच जातीची शेकडो कासवे मरून लागली; शवविच्छेदनात बुडून मेल्याच्या खुणा आढळल्या. कासव फुप्फुसाने श्वास घेते. ट्रॉलरचे जाळे तासन्‌तास ओढले जाते, आत सापडलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही आणि जन्मभर पोहणारा हा जीव पाण्यातच गुदमरतो.

यावर उपाय आहे. जाळ्यात गजांची चौकट बसवली की कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव मात्र गजांना अडून वाटेतल्या झडपेतून बाहेर पडते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय बोटींसाठी अशी चौकट केव्हाच तयार केली. ती सर्रास वापरली जात नाही म्हणून अमेरिकेने 2019 पासून भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला दार बंद केले. तरीही थोडी मासळी निसटेल या धास्तीने बोटमालक कचरतात.

त्यांना नुसता 1972 च्या वन्यजीव कायद्याचा धाक दाखवून भागणार नाही. जाळे हेच मच्छीमाराचे भांडवल. महाराष्ट्राने हे ओळखले: डिसेंबर 2018 पासून संरक्षित सागरी प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्याला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. बहिरी मासा (व्हेल शार्क) असो वा कासव, पुरावा म्हणून छायाचित्र किंवा चित्रफीत दाखवायची. सरकारच्या मोजक्या शहाण्या निर्णयांत आम्ही याची गणना करतो.

समुद्रापासून दूर, इथे अंकुशनगरात बसून समुद्राची चिंता कशाला, असे कोणी विचारील. आपल्या अंबड तालुक्याच्या सीमेवरून जाणारी गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तिच्या मुखाजवळच्या वाळूतही हीच कासवे अंडी घालतात. शिवाय जाळ्याचा फास गोड्या पाण्यातही तितकाच घट्ट बसतो. गोदावरीवरचा नाथसागर जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. पाण्यात न दिसणारे तंगूसचे जाळे मासा आणि बुडी मारणारा पाणकावळा यांत फरक करत नाही. फाटून टाकून दिले तरी ते कुजत नाही, अडकवतच राहते.

सागरी भरपाईची योजना या पाण्यापर्यंत आलेली नाही. ती गोदाकाठच्या भोई बांधवांनाही लागू करावी, फाटकी जाळी मच्छीमार संस्थांमार्फत पैसे देऊन परत घ्यावीत, आणि कोकणातल्या ट्रॉलरना कासव सोडणारी चौकट सरकारी खर्चाने बसवून द्यावी. पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. बोटी पुन्हा समुद्रात उतरण्याआधी हे काम व्हायला हवे.