मासवडी, बँकॉकची बरणी आणि आमचें सोवळें

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. तो येथें सांगावा कीं न सांगावा, ह्याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतों; कारण त्यांत आमचेंच हंसें आहे. परंतु ह्या सदराच्या वाचकांपासून आम्हीं घरांतील गोष्टी कधीं झांकून ठेविल्या नाहींत, आणि प्रसंग स्वयंपाकघराचाच असल्यामुळें तो येथें यावयास हरकत नाहीं.

आमचें घर जुन्नरचें. सणासुदीस पुण्यामुंबईचीं माणसें आलीं म्हणजे पंगत पंधरा पानांची होते. घरांत वडीलधाऱ्या आत्याबाई. त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाहीं. यंदा आमचा पुतण्या बँकॉकहून रजेवर आला होता. येतांना त्यानें तेथील हिरव्या वाटणाची एक बरणी आणली, आणि ‘आजचा स्वयंपाक आम्हां मुलांचा’ असें जाहीर करून बहिणींस हाताशीं घेतलें. नारळाचें दाट दूध कढईंत तेल सुटेपर्यंत आटवून त्यांत तें वाटण परतलें. मग पातळ दूध, वांगीं, फरसबी आणि मक्याचीं कोवळीं कणसें. घरभर गवती चहाचा वास सुटला. आत्याबाईंनीं भातावर थोडें घेऊन पहिला घांस चाखला आणि म्हणाल्या, “अरे, हें तर आपलें नारळाच्या दुधाचें सारच कीं! गवती चहा घातलास वाटतें?” त्यांनीं दोन वेळां मागून घेतलें.

जेवणें आटोपल्यावर धाकटी सूनबाई बरणी धुवावयास गेली. मेतकूट ठेवण्यास ती बरी, असा तिचा हेतु. धुतां धुतां तिनें कागदावरचीं बारीक अक्षरें वाचलीं आणि ती तशीच ओल्या हातांनीं बाहेर आली. हिरवी मिरची, लसूण, गवती चहा. आणि त्यांच्या पुढें आंबविलेल्या कोळंबीचें वाटण!

घरांत जी शांतता पसरली तिचें वर्णन आम्ही करीत नाहीं. पुतण्याचा चेहरा तर पाहवेना. आत्याबाई उठल्या, देवघरांत जाऊन बराच वेळ बसल्या, आणि बाहेर आल्यावर त्या पोराला एक शब्दही लागूं न देतां म्हणाल्या, “मासवडीला नुसत्या नांवासाठीं तीन पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलें, आणि जें खरोखरच मासळीचें, तें मीं दोनदां मागून खाल्लें.”

जे वाचक आमच्या बाजूचे नाहींत त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. मासवडी हा जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांचा मानाचा पदार्थ. त्यांत मांस नाहीं, मासाही नाहीं. बाहेर शिजविलेल्या बेसनाचें पातळ आवरण, आंत तीळ, सुकें खोबरें, कांदा, लसूण, खसखस व कोथिंबीर ह्यांचें सारण, आणि सोबत झणझणीत काळा रस्सा व बाजरीची भाकरी. वडीचा आकार माशासारखा म्हणून हें नांव, असें कोणी सांगतात. कोणी म्हणतात, मटणाची उणीव भरून काढते म्हणून. आम्हांस पहिली उपपत्ति पटते, कारण हातानें दाबून तिला जो मधला उंचवटा देतात तो पाहिला म्हणजे माशाची पाठ आठवतेच. पण आमच्या घरीं उपपत्तींचा प्रश्नच नव्हता. नांव ऐकलें कीं कानांवर हात.

आम्ही लहान असतां शेजारच्या वाड्यांतील काकूंनीं एकदां झांकलेलें ताट पाठविलें होतें. त्यांचें घर शेतकऱ्याचें. घरांत कांहीं मंगल झालें असावें. आमच्या आजीनें तें ताट ओसरीवरूनच परत केलें. शब्द गोड होते, “आज सोवळें आहे हो,” असे. पण ताट जसेंच्या तसें गेलें, झांकणही न उचलतां. त्यानंतर त्या घरांतून आमच्याकडे पालेभाजी आली, ऊंस आला, हुरडा आला. शिजविलेलें अन्न मात्र पुन्हां कधीं आलें नाहीं. त्या वेळीं आम्हांस त्यांत कांहींच वाटलें नाहीं. आतां वाटतें.

आणि हें कोठें, तर जुन्नरांत! येथील लेण्यांत इसवी सनाच्या २ऱ्या शतकाच्या सुमाराचा एक ब्राह्मी लेख आहे. चिट नांवाच्या एका यवनानें भिक्षुसंघास भोजनमंडप दान दिल्याची त्यांत नोंद आहे. नाणेघाट चढून आलेल्या परक्या माणसास ह्या गांवांत दुसऱ्यांच्या पंगतीसाठीं जागा करावीशी वाटली. आम्हांस भिंतीपलीकडचें ताट घेववलें नाहीं.

ज्याला इंग्रज ‘करी’ म्हणतात तो शब्द मूळ तमिळ. आपल्या भाषेंत त्या एका शब्दाच्या जागीं आमटी, सार, रस्सा, कट, कालवण असे कितीतरी आहेत. आणि कोणता शब्द कोणाच्या तोंडीं येतो ह्यावरून घर ओळखूं येतें. आमच्या घरीं आमटी, काकूंच्या घरीं कालवण. वस्तुतः दोहोंचें गोत्र फार दूरचें नाहीं. आपल्या गोड्या मसाल्यांत तीळ आणि सुकें खोबरें असतें. मासवडीच्या सारणांतही तेंच. भेद कांदा-लसणाचा आणि तिखटाच्या हाताचा. थाई लोकांच्या ‘केंग’ ह्या पदार्थाचेंही तसेंच: तेथें वाटण उखळांत कुटतात, येथें पाट्यावर वाटीत. मिरची तर दोघांचीही नव्हे. ती मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनीं ती १६व्या शतकांत आपल्या किनाऱ्यावर आणली, आणि सयामांतही ती त्यांच्याच व्यापाराबरोबर गेली असें मानतात.

परंतु थाई जेवणाविषयीं शाकाहारी घरांनीं एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी. तेथील बहुतेक वाटणांत कोळंबी असते आणि मिठाऐवजीं माशाचें पाणी घालण्याची चाल आहे. ताटांत मासा दिसत नाहीं म्हणून तें निरामिष ठरत नाहीं. पुण्यांत थाई जेवण मिळूं लागल्याला बरींच वर्षें झालीं. तेथें गेल्यास ‘भाज्यांची करी आहे ना?’ एवढें विचारून भागत नाहीं, ‘वाटण कशाचें?’ असें विचारावें. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बरणीवर चौकटींतील हिरवें वर्तुळ पाहावें. परदेशांतून कोणी हातीं आणलेल्या बरणीवर तें असेलच असें नाहीं. आमचा घोटाळा तेथेंच झाला. थाई भाषेंत शाकाहाराला ‘मंगसविरत’ म्हणतात, म्हणजे आपली ‘मांसविरति’च, पण त्यांत अंडें चालतें. ह्याहून कडक व्रत ‘जे’ नांवाचें. त्यांत अंडें व दूध तर नाहींच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. त्याचें अक्षर पिवळ्या पताकेवर तांबड्या रंगांत लिहितात. आपल्या चातुर्मासाला तिकडे असा एक भाऊ आहे हें कळल्यावर आत्याबाईंचा राग थोडा निवळला.

असो. दुसऱ्या दिवशीं आत्याबाईंनींच आम्हांस शेजारीं धाडलें. त्या काकू आतां थकल्या आहेत; त्यांच्या सूनबाई भेटल्या. “मासवडी शिकावयाची आहे,” असें म्हटल्यावर त्यांनीं आधीं आमच्याकडे पाहिलें, मग आपल्या सासूबाईंकडे. काकू म्हणाल्या, “आमच्या हातचं चालंल का तुम्हांला?” ह्या प्रश्नास द्यावयाचें उत्तर आम्हीं वाटेंत जुळवून ठेविलें होतें, तें त्या वेळीं आठवलें नाहीं. आम्हीं नुसती मान हालविली.

त्या आमच्या स्वयंपाकघरांत आल्या आणि त्यांनीं जें दाखविलें तें असें. सारण आधीं करून ठेवावें. सहा माणसांस एक वाटी तीळ व एक वाटी किसलेलें सुकें खोबरें निरनिराळें भाजून घ्यावें. दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलांत तांबूस परतावे. दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, दोन चमचे भाजलेली खसखस, मूठभर कोथिंबीर, मीठ व काळा मसाला घालून भरड कुटावें. पीठ करूं नये. तीळ दांताखालीं यावयास हवेत. आवरणास दोन वाट्या बेसन. सुमारें अडीच वाट्या पाण्यास आलें-लसूण, मिरची, हळद ह्यांची फोडणी देऊन उकळी आली कीं बेसन वैरावें, गुठळी होऊं न देतां घोटावें आणि झांकण ठेवून वाफ काढावी. ओल्या फडक्यावर तें गरम असतांनाच पाण्याच्या हातानें पातळ थापावें. मधोमध सारणाची ओळ घालावी, फडक्यानेंच दोन्ही कडा उचलून मिटाव्या, वरून दाबून उंचवटा काढावा आणि निवाल्यावर सुरीनें वड्या पाडाव्या. ज्या गृहिणींस सुरळीची वडी साधते त्यांस हें दुसऱ्या खेपेस साधेल. पहिल्या खेपेस आमची घडी उलली, हें प्रामाणिकपणें सांगतों.

रश्शास कांदा व खोबरें जवळजवळ काळें होईतों भाजावें, आलें, लसूण, कोथिंबिरीसह गंधासारखें वाटावें, तेल सुटेपर्यंत परतावें; मग काळा मसाला, तिखट आणि कढत पाणी. उरलेल्या सारणाचा एक चमचा त्यांत टाकला म्हणजे रश्शाला अंग येतें. वड्या मात्र रश्शांत उकळूं नयेत, विरतात. ताटांत वडीवर रस्सा ओतावा. लसणाशिवाय होईल का, असें कांहीं भगिनी विचारतील. होईल, पण करूं नये. चातुर्मास संपेपर्यंत थांबावें हें बरें.

घरीं खटाटोप नको असल्यास पुणें-नाशिक रस्त्यावर मंचर, नारायणगांव, आळेफाटा येथें मासवडीच्या पाट्या जागोजाग आहेत. पाटीवर जाऊं नये. भाकरी समोर थापली जात आहे का तें पाहावें. वडीचा काप मागून पाहावा: आवरण जाड आणि सारणाची मधें नुसती रेघ असेल तर मालकानें तिळांत काटकसर केली आहे. रश्शावरचा तवंग नुसता तांबडा भडक असेल तर तो रंगाचा, भाजलेल्या खोबऱ्याचा नव्हे. आणि ज्या खानावळींत मटणही शिजतें तेथें रस्सा वेगळा आहे का, हें न लाजतां विचारावें. चांगला मालक रागावत नाहीं.

रश्शाहूनही निराळी गोष्ट पाहावयाची असेल त्यांनीं थंडीच्या दिवसांत आणें गांवीं रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीस जावें. आळेफाट्याच्या पूर्वेस पठारावर हें गांव आहे. तेथील प्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. आमटी मोठमोठ्या कढयांत शिजते, भाकऱ्या घरोघरच्या बायका भाजून पाठवितात, आणि हजारों माणसें जेवतात. ती भाकरी कोणाच्या चुलीवरची, हें कळावयास तेथें मार्गच नाहीं.

आमच्या मासवडीच्या दिवशीं काकूंना हाताला धरून आणलें आणि आत्याबाईंच्या शेजारीं पाट मांडला. दोघीही फारसें बोलल्या नाहींत. आत्याबाईंना रस्सा झेपेना, त्यांनीं त्यावर तुपाची धार घेतली, तेव्हां काकू हंसल्या आणि म्हणाल्या, “तूप घातलं की झाली तुमची आमटी.” जातांना त्यांच्या सूनबाई आपलें सारणाचें ताट विसरल्या. आत्याबाईंनीं तें घांसून पुसून ठेविलें आहे. संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या होईपर्यंत तें परत करावयाचें नाहीं, अशी त्यांची सूनबाईंना सक्त ताकीद आहे.