पत्ता नसलेली घरे

मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोलीत सर्व्हरची प्रचंड कोठारे लागतात. घाटकोपर-बोरिवलीतील लहानसहान संघटनांची संकेतस्थळेही अशाच कुठल्यातरी कोठारात भाड्याने राहतात; भाडे थकले की मजकूर रस्त्यावर. वास्तविक जुना संगणक आणि घरची ब्रॉडबँड जोडणी एवढ्या भांडवलावर संघटनेला आपले संकेतस्थळ घरातूनच चालवता येईल. अडचण आहे ती पत्त्याची.

इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत. आशिया-पॅसिफिक विभागाचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्येच आटला. म्हणून अनेक कंपन्या कित्येक घरांना एकाच पत्त्यामागे बसवतात. घरातून बाहेर जाता येते. बाहेरच्याला दार सापडत नाही. स्वतंत्र, कायम पत्त्याला बहुधा जादा दाम पडतो. आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीत पत्त्यांना तोटा नाही. म्हणजे टंचाईची सबब कायमची नव्हे.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळा दर लावण्यास मनाई केली. तो विजय मोठाच. पण त्याने वाचकाचे रक्षण झाले, प्रकाशकाचे नव्हे. उघड्या दारातून चोरही शिरतात, हा आक्षेप खरा आहे. मात्र त्यावर उपाय कुलूप हा आहे, आणि किल्ली घरमालकाकडे हवी.

मागेल त्याला विनामूल्य सार्वजनिक पत्ता आणि सर्व्हर चालवण्याची करारात स्पष्ट मुभा, एवढी मागणी कार्यकर्त्यांनी सोसायट्यांमार्फत एकजुटीने रेटली पाहिजे. एकेकट्या ग्राहकाला कंपनी दाद देत नाही.