चालतोय ना? म्हणूनच बदला!

परवा साडूंशी चांगलीच जुंपली. विषय ऐकून बायको अजून हसतेय. बोटीचे पंप!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी (आई, हे तुझ्यासाठी): इथे ॲनापोलिसजवळ आम्हा दोघांच्या मालकीची एक जुनी, तीस फुटी, दोन इंजिनांची बोट आहे. चेसापीकवर हिवाळ्यात बऱ्याच बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात. यंदा इंजिनांच्या खालचे रबरी माउंट गेले म्हणून दोन्ही इंजिनं क्रेनने उचलून बाहेर काढली आणि मी पहिल्यांदाच बोटीच्या तळात चक्क मांडी घालून बसलो. बोटीत कुठूनही शिरलेलं पाणी शेवटी याच सखल जागी साचतं. ही जागा म्हणजे बिल्ज आणि ते पाणी बाहेर फेकतो तो बिल्ज पंप. एरवी इथे पोचायचं तर पालथं पडून, इंजिनाखाली एक हात घालून, आंधळ्यासारखं चाचपायचं.

म्हटलं, आता पंप, स्विच, वायरी, पाइप, सगळं बदलून टाकू. साडू म्हणाले, "अहो, चालतोय ना पंप? मग कशाला हात लावायचा? तेवढ्या पैशात झकास स्टिरिओ येईल."

हे "चालतोय ना" माझ्या डोक्यात गेलं.

चालतो म्हणजे काय, ते बघू. पंपावर छापलंय : तासाला ११०० गॅलन. म्हणजे पाच गॅलनची बादली साधारण १६ सेकंदांत भरायला हवी. मी बिल्जमध्ये नळी सोडली आणि बोटीबाहेरच्या तोंडाशी बादली धरली. ३५ सेकंद लागले! निम्म्याहून कमी. यात पंपाची लबाडी नाही. छापील आकडा पाणी वर चढवावंच लागत नाही असं धरून काढलेला असतो. ज्यांच्या घरी विहिरीवर पंप आहे त्यांना 'हेड' वेगळं समजवायला नको. वर चढाव, त्यात आतून वळ्या असलेला पाइप, त्यात हिरव्या पडलेल्या वायरींवर गुंडाळलेली काळी टेप. व्होल्टेज पोचणार कुठून?

आता दुसरी बाजू. पाण्याखाली फक्त एक फुटावर दोन इंची भोक पडलं, तर प्रवाह तोंडाशी आकसतो हे धरूनसुद्धा तासाला २८०० गॅलनच्या आसपास पाणी आत येतं. आमचा पंप उपसणार पाचशे. चालणं आणि पुरणं यात एवढं अंतर आहे.

आणि चालतो तरी कधी? गेल्या ऑगस्टमध्ये आमची लेक आणि साडूंचा मुलगा धक्क्याला बांधलेल्या बोटीवर झोपले होते. पंख्याच्या दांड्याचं सील रात्री गळू लागलं. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाणी इंजिनांच्या बुडाला लागलं होतं आणि पंप गप्प. साडूंनी हाताने स्विच दाबला, पंप सुरू झाला. "बघा, चालतो!" अहो, पण रात्री स्विच दाबायला कोण होतं? पाणी वाढलं की आपोआप पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या स्विचखाली कुणीतरी कापून टाकलेले प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे तुकडे अडकले होते. हे मला परवा, तिथे मांडी घालून बसल्यावर दिसलं. (मुलांच्या दोन्ही आयांना ही हकीकत इथेच कळतेय. आम्ही दोघेही दोषी.)

साडूंचं एक म्हणणं खरं आहे : नवी वस्तूही बिघडते आणि मोठं भोक पडलं तर कुठलाच पंप बोट वाचवत नाही. कबूल. पंप फक्त वेळ विकत घेऊन देतो. पण झोपलेल्या पोरांना जागं होऊन धक्क्यावर उडी मारायला वेळच तर लागतो! म्हणून एकाच्या जागी दोन पंप, दुसरा मोठा आणि थोडा वर. स्वयंचलित स्विचची वायर स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीला, म्हणजे मुख्य स्विच बंद करून घरी गेलो तरी पंप जागा. आतून गुळगुळीत पाइप. आणि पाणी चढलं की बोंब मारणारा भोंगा.

अमेरिकेत आमच्यासारख्या हौशी बोटीवर लाइफ जॅकेट सक्तीची आहेत, विजेचा बिल्ज पंप नाही. म्हणजे इथे शहाणपण आपलं आपणच दाखवायचं. इंजिनं परत बसली की ती जागा पुन्हा दिसेनाशी होणार, आणि न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल "चालतोय ना" म्हणणं फार सोपं असतं.

असो. पंप मागवलेत. साडू, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. निम्मे पैसे कधी पाठवताय?