पिशवी काढायला सही घेतली, पण बाईला सांगितलं काय?

बीड : ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ एवढं कानावर पडलं, की घरातलं कुणीही घाबरून कागदावर सही करतं. ऊसतोड महिलांच्या ऑपरेशनचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा याच भीतीची चर्चा झाली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळीत अंगावर जात असताना मोळ्या उचलणं सोपं नाही. त्यामुळे कटकट एकदाची जाऊ दे, असं बाईलाही वाटतं. पण ऑपरेशननंतरचं किती जणींना सांगितलं जातं? पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचा त्रास एकदम सुरू होतो. अंगातून वाफा, झोप नाही, पुढे हाडं ठिसूळ. अंडाशयं ठेवली तरी हा त्रास वयाआधी येऊ शकतो. शिवाय रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीच्या पिशवीला इजा हे धोके आहेतच. अंगावरून पांढरं जाणं तर बहुतेक वेळा गोळ्यांनीच बरं होतं.

सुप्रीम कोर्टाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात हा प्रश्न निकाली काढला. दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिलेल्या महिलेचं गर्भाशय आणि अंडाशयं, ती भुलीत असताना आईची सही घेऊन काढली होती. कोर्टाने ती संमती धरली नाही. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईची स्वतःचीच संमती लागते. उपचार कशासाठी, मोठे धोके कोणते, दुसरा इलाज आहे का, ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, हे तिला आधी सांगावं लागतं. नवऱ्याची सही याची जागा घेत नाही.

बीडमध्ये त्यानंतर खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. चांगलं झालं. पण फाईल तपासून बाईला काय समजलं ते कळत नाही. टोळी निघायच्या आधी ऑपरेशन उरका, अशी घाई कुणी करत असेल, तर सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आधी सरकारी दवाखान्यात स्त्रीरोग डॉक्टरला दाखवता येतो.